हार्लेममधील दोन तळघरे

आजारी कोण आणि निरोगी कोण, हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याच्या हाती फार मोठी सत्ता असते. तापासाठी तापमापक आहे. हाड मोडले की नाही, हे क्ष-किरणांत दिसते. मनाच्या दुखण्याचे तसे नाही. तेथे तपासणाऱ्याची दृष्टी हेच मुख्य साधन, आणि ती दृष्टीच पूर्वग्रहाने गढूळ झालेली असेल, तर निदान हे निदान राहत नाही. तो निवाडा होऊन बसतो. प्रौढ माणूस अशा निवाड्याविरुद्ध किमान बोलू तरी शकतो. लहान मुलाला तेही शक्य नसते. 'मंदबुद्धी', 'उनाड', 'सुधारण्यापलीकडचा' असा जो शिक्का त्याच्या नावावर बसतो, तो घेऊनच त्याला मोठे व्हावे लागते.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत हे दीर्घकाळ घडत आले. त्याविरुद्ध ज्यांनी प्रथम संस्था उभ्या केल्या, त्यांच्यापैकी दोन संस्थांची हकीकत येथे सांगावयाची आहे. दोन्ही १९४६ साली, न्यू यॉर्क शहरातील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत आणि दोन्ही तळघरात सुरू झाल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते याच हार्लेमच्या शेजारी आहे. तेव्हा मराठी वाचकाला हा परिसर अगदीच परका वाटू नये.

आकड्यांचे वेड

ही हकीकत समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. १८४० च्या अमेरिकन जनगणनेत वेडसर व मतिमंद व्यक्तींची गणना वर्णवार करण्यात आली. निष्कर्ष मोठा चमत्कारिक होता. गुलामगिरी नसलेल्या उत्तरेकडील मेन राज्यात दर १४ कृष्णवर्णीयांमागे एक जण वेडा वा मतिमंद ठरला. गुलामगिरीच्या लुईझियानात मात्र हे प्रमाण ४,३१० मागे एक असे निघाले. दक्षिणेकडील पुढाऱ्यांना हवे तेच हाती आले. स्वातंत्र्य कृष्णवर्णीयांना मानवत नाही, मोकळे सोडले की ते वेडे होतात, असा अर्थ त्यांनी काढला. परराष्ट्रमंत्री जॉन कॅल्हून यांनी १८४४ साली ब्रिटिश वकिलाला पाठविलेल्या पत्रात हेच आकडे गुलामगिरीच्या समर्थनार्थ मांडले.

आकडे खोटे होते. एडवर्ड जार्व्हिस या डॉक्टरांनी ते तपासून पाहिले, तेव्हा ज्या गावांत एकही कृष्णवर्णीय राहत नव्हता, त्या गावांच्या नावावर कृष्णवर्णीय वेड्यांची नोंद आढळली. मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर गावी तर सरकारी वेड्यांच्या इस्पितळातील १३३ गोरे रुग्ण कृष्णवर्णीयांच्या रकान्यात घातले गेले होते.

या आकड्यांचा समाचार घेणाऱ्यांत आणखी एक डॉक्टर होते, जेम्स मॅक्यून स्मिथ. १८१३ साली न्यू यॉर्कमध्ये गुलाम मातेच्या पोटी त्यांचा जन्म झाला. वर्णामुळे अमेरिकन महाविद्यालयांनी त्यांना प्रवेश नाकारला. म्हणून ते स्कॉटलंडमधील ग्लासगोला गेले आणि १८३७ साली वैद्यकाची पदवी घेऊन परतले. अशी पदवी मिळविणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन. आकड्यांना आकड्यांनीच उत्तर देत त्यांनी जनगणनेतील दावा खोडून काढला. सरकारने मात्र ती जनगणना अधिकृतपणे कधीच दुरुस्त केली नाही. पुढे १८५१ साली लुईझियानात सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्यालाच एक मानसिक रोग ठरविले आणि त्याला 'ड्रॅपिटोमेनिया' असे भारदस्त नाव दिले. स्वातंत्र्याची ओढ हाच आजार ठरला, की रोग्याला बोलावयास काही उरतच नाही.

मॅक्यून स्मिथ यांच्या आयुष्यातील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. १८४६ पासून सुमारे वीस वर्षे ते न्यू यॉर्कच्या कृष्णवर्णीय मुलांच्या अनाथालयाचे डॉक्टर होते. १८६३ च्या जुलै महिन्यात सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध उसळलेल्या गोऱ्या जमावाने ते अनाथालय जाळून टाकले. आतील २०० हून अधिक मुले कशीबशी वाचली. दुसरी गोष्ट अशी, की ते सेंट फिलिप्स या कृष्णवर्णीयांच्या एपिस्कोपल चर्चचे सभासद होते. नेमक्या शंभर वर्षांनी उघडलेल्या दोन्ही तळघरांचे धागे या दोन ठिकाणांशी जुळतात.

पहिले तळघर

जळालेले अनाथालय पुन्हा उभारले गेले, जागा बदलत राहिले आणि १९४० च्या दशकात 'रिव्हरडेल चिल्ड्रन्स असोसिएशन' या नावाने चालू होते. तेथे निराधार कृष्णवर्णीय मुलींच्या मानसिक चाचण्या घेण्याचे काम मेमी फिप्स क्लार्क ही तरुण मानसशास्त्रज्ञ करीत असे. अर्कान्सा राज्यातील एका कृष्णवर्णीय डॉक्टरांची ही कन्या. तिने व तिचे पती केनेथ क्लार्क यांनी कोलंबिया विद्यापीठातून मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविली होती. तो मान तेथे मिळविणारे हे पहिले दोन कृष्णवर्णीय होत. मेमीचे मार्गदर्शक प्राध्यापक हेन्री गॅरेट हे वंशभेदाचे पुरस्कर्ते होते. पदवी घेऊन तिने दक्षिणेत परत जावे आणि कृष्णवर्णीयांच्या शाळेत शिकवावे, अशी त्यांची अपेक्षा होती.

रिव्हरडेलमध्ये मेमीला जे दिसले ते साधेच होते. या मुलींना मदतीची गरज होती आणि ती देणारे कोणी नव्हते. हार्लेममधील मुलांसाठी मानसोपचाराची सोय करावी, म्हणून क्लार्क दांपत्याने शहरातील समाजसेवी संस्थांचे दरवाजे ठोठावले. कोणीही तयार होईना. अखेर मेमीच्या वडिलांकडून ९४६ डॉलर उसने घेऊन त्यांनी १९४६ च्या आरंभी डनबार अपार्टमेंट्स या इमारतीच्या तळघरात स्वतःचे केंद्र उघडले. तेच पुढे 'नॉर्थसाइड बालविकास केंद्र' म्हणून नावारूपास आले.

सुरुवातीला पालक आले ते एका वेगळ्याच तक्रारीने. शाळेने त्यांच्या मुलांना मतिमंदांच्या वर्गात टाकले होते. नॉर्थसाइडमध्ये त्या मुलांची रीतसर चाचणी घेण्यात आली, तेव्हा त्यांपैकी बहुतेकांचा बुद्ध्यंक त्या वर्गासाठी ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर निघाला. त्यांना तेथे ठेवणे चुकीचे तर होतेच, शिवाय नियमबाह्यही होते. मूल वाचू शकत नाही, कारण त्याला कोणी नीट वाचावयास शिकविलेले नाही, ही शक्यता शाळेने विचारातच घेतलेली नव्हती. म्हणून नॉर्थसाइडने मानसोपचाराच्या जोडीला वाचनाचे खास वर्ग सुरू केले. मुलाच्या मनाची उभारी वाढविण्याचा एक मार्ग त्याच्या हाती पुस्तक देण्यातून जातो, असा मेमी क्लार्क यांचा विश्वास होता. पुढे केंद्र सर्व वर्णांच्या मुलांसाठी खुले झाले. १९७९ पर्यंत त्या स्वतः त्याच्या संचालिका होत्या.

दुसरे तळघर

त्याच वर्षी ८ मार्च रोजी काही रस्त्यांच्या अंतरावर दुसरे तळघर उघडले. सेंट फिलिप्स चर्च तोपर्यंत हार्लेममध्ये येऊन स्थिरावले होते आणि रेव्हरंड शेल्टन हेल बिशप हे तेथील धर्मगुरू होते. जर्मनीत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम आणि 'नेटिव्ह सन' या कादंबरीने कीर्ती पावलेले लेखक रिचर्ड राइट यांनी हार्लेमसाठी मानसोपचार केंद्र काढण्याचा घाट घातला होता. सुमारे ४ लाख लोकांच्या या वस्तीत तशी सोय जवळजवळ नव्हतीच. धनिकांचे न्यास व सरकारी खाती यांच्याकडे हेलपाटे घालून ते थकले होते. रेव्हरंड बिशप यांनी आपल्या धर्मग्रामाच्या इमारतीतील तळघराच्या खोल्या त्यांना देऊ केल्या.

केंद्राला नाव दिले गेले पॉल लाफार्ग यांचे. हे क्यूबात जन्मलेले, अंशतः आफ्रिकन वंशाचे डॉक्टर, समाजवादी आणि कार्ल मार्क्स यांचे जावई. अशा माणसाच्या नावाची संस्था चर्चच्या आवारात नांदावी, याची रेव्हरंड बिशप यांना अडचण वाटली नाही. दारी कोण आले आहे आणि त्याला काय हवे आहे, एवढेच त्यांनी पाहिले असावे.

लाफार्ग केंद्र मंगळवारी आणि शुक्रवारी सायंकाळी उघडे असे, कारण येणारी मंडळी दिवसा कामावर असत. शुल्क २५ सेंट. ज्याच्याजवळ तेही नसेल त्याला माफ. न्यायालयात तज्ज्ञाची साक्ष हवी असल्यास ५० सेंट. डॉक्टर, समाजसेविका, लेखनिक सारे बिनपगारी. त्यांत गोरेही होते आणि कृष्णवर्णीयही. नाझी जर्मनीतून आलेल्या डॉ. हिल्डे मोसे यांनी मुलांच्या विभागाची धुरा वाहिली.

तेथील कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. शाळेतून पळणारा, चोऱ्या करणारा, मारामारी करणारा मुलगा आला, की त्याच्यात काय बिघडले आहे, एवढे विचारून ते थांबत नसत. तो कोठे राहतो, एका खोलीत किती जण झोपतात, शाळेत त्याला काय म्हणून हाक मारतात, पोलिसांनी त्याला कधी अडविले आहे का, हेही विचारीत. राइट यांनी याच वर्षी या केंद्रावर एक लेख लिहिला. दोन वर्षांनी त्यांचे मित्र राल्फ एलिसन यांनी लिहिलेल्या लेखात हार्लेममधील माणसाच्या मनाची निराधार अवस्था आणि तिच्यामागील इतिहास उलगडला; तो लेख मात्र छापून यावयास १९६४ साल उजाडले. दोघांचेही म्हणणे असे, की या मुलांच्या वेदनेला पत्ता आहे, गल्ली आहे, घरमालक आहे. ती केवळ त्यांच्या डोक्यात नाही.

न्यायासनापुढे

१९५१ साली या तळघराच्या पायऱ्या उतरून काही निराळे पाहुणे आले. जवळच्या डेलावेअर राज्यात कृष्णवर्णीय पालकांनी विभक्त शाळांविरुद्ध दावा दाखल केला होता. त्यांच्या वकिलांनी तेथील मुलांना आगगाडीने हार्लेमला आणले. वर्थम यांनी अट घातली, की गोरी मुलेही तपासली पाहिजेत. त्याप्रमाणे दोन्ही वर्णांची मुले आली, खेळली, बोलली. ऑक्टोबरमध्ये विल्मिंग्टन येथील न्यायालयात वर्थम यांनी साक्ष दिली. विभक्त शाळेची इमारत चांगली असली, तरी तेथे जाणे मुलांना एखाद्या शिक्षेसारखे वाटते, आणि कोणत्या गुन्ह्याची ही शिक्षा, ते त्यांना कळत नाही, हा त्या साक्षीचा गाभा होता.

न्यायाधीश होते कॉलिन्स साइट्झ, एक तरुण कॅथलिक गृहस्थ. साक्ष ऐकण्यापूर्वी काही महिने त्यांनी विल्मिंग्टनमधील सॅलेशियानम या कॅथलिक शाळेच्या पदवीदान प्रसंगी वंशभेदाच्या प्रश्नाचा धीटपणे उल्लेख केला होता. त्या शाळेने नुकताच, १९५० साली, कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश दिला होता. १ एप्रिल १९५२ रोजी साइट्झ यांनी निकाल दिला. वरिष्ठ न्यायालयाचा जुना दंडक मोडण्याचा अधिकार त्यांना नव्हता. परंतु विभक्ततेने कृष्णवर्णीय मुलांचे नुकसान होते, हे त्यांनी नोंदविले आणि त्या मुलांना गोऱ्यांच्या शाळांत तत्काळ प्रवेश देण्याचा हुकूम दिला.

हा दावा आणि इतर राज्यांतील असेच दावे मिळून सर्वोच्च न्यायालयात 'ब्राउन' खटला उभा राहिला. त्यात क्लार्क दांपत्याच्या बाहुल्यांच्या प्रयोगाला महत्त्व आले. ३ ते ७ वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे त्यांनी तपकिरी व गोऱ्या बाहुल्या ठेवल्या होत्या. सुमारे दोन-तृतीयांश मुलांनी खेळावयास गोरी बाहुली मागितली आणि निम्म्याहून अधिक मुलांनी तपकिरी बाहुलीला वाईट ठरविले. व्हर्जिनियातील खटल्यात राज्याच्या बाजूने साक्ष देण्यास प्राध्यापक गॅरेट उभे राहिले, तेव्हा त्यांचे म्हणणे खोडून काढण्यास त्यांची विद्यार्थिनी मेमी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गेली. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विभक्त शाळा घटनाबाह्य ठरविल्या. निकालपत्राच्या एका तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या संशोधनाचा निर्देश आहे.

सावल्या

येथवरची कथा विजयाची वाटते. पण इतिहास इतका सरळ नसतो. बाहुल्यांच्या प्रयोगात उत्तरेकडील, मिश्र शाळांत शिकणाऱ्या मुलांनीही गोऱ्या बाहुलीलाच पसंती दिली होती. विरोधकांनी त्यावर बोट ठेवले. याचा अर्थ प्रयोग फसला असा नव्हे. जखम शाळेच्या भिंतीहून मोठी होती, असा आहे. शाळांची दारे उघडली म्हणून दवाखान्यातील दृष्टी बदलली नाही.

मेरीलँड राज्यातील क्राउन्सव्हिल येथे १९११ पासून केवळ कृष्णवर्णीयांसाठी मनोरुग्णालय होते. तेथे खच्चून भरलेल्या खोल्यांत प्रौढांबरोबर मुलेही ठेवली जात. अपस्माराने पीडित असलेली एल्सी लॅक्स ही मुलगी मतिमंद ठरवून तेथे ठेवण्यात आली होती. तिची आई हेन्रिएटा हिच्या पेशी पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत वाढविल्या गेल्या. आईमागोमाग एल्सीही १९५५ साली, अवघ्या १५ व्या वर्षी, त्या रुग्णालयात वारली. ब्राउन निकालाला तेव्हा एक वर्षही पूर्ण झाले नव्हते.

वर्थम यांच्याविषयीही एक कटू सत्य सांगितले पाहिजे. १९५४ साली त्यांनी चित्रकथांच्या पुस्तकांमुळे मुले बिघडतात, असे सांगणारा एक गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील कित्येक मुले लाफार्ग केंद्रात आलेली होती. कॅरल टिली या संशोधिकेने पुढे वर्थम यांची मूळ टिपणे तपासली आणि २०१२ साली दाखवून दिले, की आपला मुद्दा सिद्ध करण्यासाठी त्यांनी मुलांची बोलणी बदलली, एकाचे शब्द दुसऱ्याच्या तोंडी घातले. मुलांचे ऐकून घेणे हे ज्या तळघराचे ब्रीद, त्याच्या संस्थापकालाच ते शब्द जसेच्या तसे राखता आले नाहीत. रेव्हरंड बिशप निवृत्त झाल्यावर, १९५० चे दशक सरता सरता ते केंद्र बंद पडले.

धर्मादाय संस्थांनाही या सावल्यांतून वगळता येत नाही. न्यू यॉर्कमध्ये निराधार मुलांचा सांभाळ मुख्यत्वे कॅथलिक, ज्यू व प्रोटेस्टंट संस्था सरकारी पैशावर करीत. आपल्या धर्माच्या मुलांना प्राधान्य, हा त्यांचा शिरस्ता. कृष्णवर्णीय मुले बहुतांशी प्रोटेस्टंट. त्यांना चांगल्या संस्थांत जागा उरत नसे, आणि ज्यांचे वागणे बिघडलेले त्यांची रवानगी सुधारगृहात होई. १९७३ साली अशाच एका किशोरवयीन मुलीच्या नावे या व्यवस्थेविरुद्ध दावा गुदरण्यात आला. तो पाव शतक रेंगाळला. 'आपल्या' लेकरांवर माया करणे हा दुर्गुण नव्हे; पण त्या मायेच्या कुंपणाबाहेर कोण राहिले, हे विचारल्यावाचून तिला दया म्हणता येत नाही.

आज

१९६९ च्या मे महिन्यात कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या राष्ट्रीय संघटनेच्या विश्वस्तांपुढे जाऊन वंशभेदाचा जाब विचारला. त्यांतील एक, हार्वर्डचे डॉ. चेस्टर पीअर्स, त्याच वर्षी सुरू झालेल्या 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या दूरदर्शन कार्यक्रमाचे सल्लागार होते. दररोज होणारे बारीकसारीक अपमान मनाला कसे पोखरतात, हे त्यांनी वैद्यकाला शिकविले. आणि कृष्णवर्णीय व गोरी मुले एकाच गल्लीत सहज वावरताना दिसावीत, ही त्यांची त्यावरील मात्रा होती. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या त्या संघटनेने आपल्या वंशभेदी वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली ती जानेवारी २०२१ मध्ये.

क्षमेने निदान बदलते का? सारखीच लक्षणे असली, तरी कृष्णवर्णीय मुलाला 'वर्तन बिघडलेला' आणि गोऱ्या मुलाला 'चित्त एकाग्र न होणारा' किंवा 'उदास' ठरविण्याकडे कल असतो, असे संशोधक वारंवार सांगत आले आहेत. पहिल्या शब्दाने मूल शिक्षेच्या वाटेला लागते, दुसऱ्याने उपचाराच्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून तर हादरवून सोडणारी गोष्ट पुढे आली. २००१ ते २०१५ या काळात ५ ते १२ वर्षे वयाच्या कृष्णवर्णीय मुलांतील आत्महत्यांचे प्रमाण त्याच वयाच्या गोऱ्या मुलांच्या सुमारे दुप्पट होते. कृष्णवर्णीयांत आत्महत्या विरळा, असा समज रूढ होता. कारण १३ ते १७ या वयोगटात प्रमाण उलटे होते आणि सरासरीत लहानग्यांचे मरण झाकले जात होते. २०१९ साली अमेरिकन संसदेतील कृष्णवर्णीय सदस्यांनी या प्रश्नावर खास अभ्यासगट नेमून अहवाल सादर केला.

१८४० च्या आकड्यांनी नसलेले वेड दाखविले होते. या आकड्यांनी असलेले दुःख लपविले. दोन्ही वेळा प्रत्येक मुलाकडे जवळून पाहावयाचे राहून गेले. मॅक्यून स्मिथ अनाथालयात आणि मेमी क्लार्क तळघरात जे करीत होत्या, ते याच्या नेमके उलट होते. त्या एकेका मुलाला समोर बसवीत, त्याची चाचणी स्वतः घेत आणि शाळेने लिहून पाठविलेल्या शेऱ्यावर त्याचे बोलणे ऐकल्यावाचून विश्वास ठेवीत नसत. नॉर्थसाइड केंद्र अद्याप हार्लेममध्ये चालू आहे. उसन्या ९४६ डॉलरांवर उघडलेल्या त्या दाराशी आठ दशकांनंतरही मुले आणि त्यांचे पालक येतात, आणि शाळेने मुलाविषयी काय लिहिले आहे, ते दाखविण्यासाठी कागद पुढे करतात.